आयटीआय इलेक्ट्रिशियन, दोन वर्षं: पैसे वसूल झाले का?

कोर्स संपवून बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) इलेक्ट्रिक पॅनल बनवणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये लागून आता बरेच महिने झालेत. घरात धाकट्या भावाचा दहावीचा निकाल लागला आणि आई विचारतेय की ह्यालाही टाकायचं का, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. सिलॅबस, ट्रेड सर्टिफिकेट वगैरे सगळ्यांना माहीत असतं, ते सांगत बसत नाही.

आधी पैसे. सरकारीत नंबर लागला नाही म्हणून स्वनिर्भरमध्ये (म्हणजे खासगी, आपल्या फीवर चालणाऱ्या आयटीआयमध्ये) घेतलं, नाव घेत नाही. फी, बॉयलर सूट, सेफ्टी शूज, टूलकिट, दांडिया बाजारहून रोजचं जाणं-येणं, सगळं धरून ६० हजार गेले. पण खरा खर्च तो नाहीच. माझा मित्र बारावी सोडून हेल्पर म्हणून लागला, महिना १० हजार. म्हणजे मी वर्गात बसलो तेवढ्यात त्याने २ लाख ४० हजार घरी आणले. माझे एकूण ३ लाख धरा. मला पगार लागला १६ हजार, तोपर्यंत तो १३ वर पोचलेला. फरक ३ हजार, म्हणजे वसुलीला १०० महिने, आठ वर्षं! अप्रेंटिसशिप केली नाही कारण तेव्हा २०१९च्या नियमाप्रमाणे आयटीआयवाल्याला किमान स्टायपेंड ७ हजार होता, त्यात काय भागणार.

आता माझा मेन राग. जॉइंट, म्हणजे तार तारेला जोडायचे प्रकार. मॅरीड जॉइंट, ब्रिटानिया जॉइंट, वेस्टर्न युनियन, टी जॉइंट... मॅरीड जॉइंट म्हणजे दोन्ही केबलच्या तारा छत्रीसारख्या उघडायच्या, एकमेकींत घुसवायच्या, अर्ध्या इकडे अर्ध्या तिकडे पिळायच्या आणि वरून सोल्डर. ब्रिटानियाला बाइंडिंग वायर इतकी घट्ट गुंडाळायची की बोटाला वळ उठायचे, आणि दोन फेऱ्यांमध्ये फट दिसली की सर अख्खं उलगडायला लावायचे. कामावर आलो तर हे कोणी करतच नाही! इथे वायर सोल, फेरूल (नंबराची छोटी नळी) घाल, लग (टोकाला बसणारा धातूचा तुकडा) चढव, क्रिंप कर म्हणजे दाबून घट्ट बसव, ओढून बघ, टर्मिनलमध्ये कस. दिवसभर हेच. आणि क्रिंपिंग टूल आमच्या वर्कशॉपमध्ये एकच, तेही कपाटात कुलूप लावून, सरांनी वर धरून दाखवलं आणि परत ठेवलं. सिलॅबसमध्ये आहे हो, जर्नलमध्ये सहीसुद्धा आहे. पहिल्या दिवशी मिस्त्रीकाकांनी माझा लग ओढला तो त्यांच्या हातातच आला, म्हणाले, "बे वरस शुं शिख्यो, भाई?" (दोन वर्षं काय शिकलास?) ६० हजार भरून हे ऐकायचं. आजोबांना सांगितलं तर ते सुरूच झाले, की सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची शाळा काढली ते हाताने काम शिकावं म्हणून. आजोबा, त्यांच्या कपाटाला कुलूप नसेल.

इथपर्यंत लिहिलं असतं तर पाचपैकी दीड स्टार दिले असते. पण मध्ये एक प्रकार झाला.

एका गिऱ्हाइकाची १५ एचपीची मोटर परत परत जळत होती. रिवाइंडिंगवाल्याने तार हलकी वापरली असं सगळे म्हणत होते आणि तो बिचारा पॅनलवर ढकलत होता. स्टार-डेल्टा स्टार्टर, म्हणजे मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टावर टाकणारा. मी सहज उघडून पाहिलं तर ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) मेन कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मुख्य स्विचच्या खाली, म्हणजे त्यातून लाइनचा नाही, वाइंडिंगचा करंट जातो. डेल्टामध्ये तो लाइनच्या ०.५८ पट (१ भागिले रूट तीन). नेमप्लेटवर २१ अँपियर लिहिलेत आणि कोणीतरी रिलेही २१ वरच ठेवलेला, हवा होता १२ वर. म्हणजे लाइनला ३६ अँपियर गेले तरी रिलेला काही पडलेलं नाही, आणि मोटर आतून भाजतेय. डायल फिरवायला स्क्रूड्रायव्हर लागला फक्त. त्यानंतर ती मोटर आलेली नाही.

हे रूट तीनचं प्रकरण थिअरीच्या तासाला दुपारी झोपेत ऐकलेलं, तेही सरांनी फळ्यावर तीन वेळा लिहिलं म्हणून लक्षात राहिलं. तेच जॉइंटवाले सर. मिस्त्रीकाकांचा हात माझ्यापेक्षा दहापट साफ आहे पण रिले कुठे बसलाय ह्यावर सेटिंग बदलतं हे त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं. शेठने २ हजार वाढवले. फरक झाला ५ हजार, वसुली ६० महिने. पाच वर्षंही जास्तच आहेत, पण आठ नाहीत. मित्राचा पगार वाढला तर परत गणित बिघडेल, तो भाग वेगळा.

तर आता साडेतीन स्टार. जॉइंटचा एक स्टार कापलेला, तो परत मिळणार नाही.

भावाला मी सरकारीतच टाक म्हणतोय, गोरवा नाहीतर तरसाली, नंबर लागला तरच. नाही लागला आणि स्वनिर्भर बघायचं झालं तर ब्रोशर राहू दे, वर्कशॉपमध्ये जाऊन किती टूल बाहेर टेबलावर आहेत ते मोज, आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) खरंच चालतो का विचार, आमच्याकडे त्याच्या लीड्सच गायब होत्या. माझं स्वतःचं सी टू डी (सर्टिफिकेट टू डिप्लोमा) करून डिप्लोमाच्या डायरेक्ट दुसऱ्या वर्षाला जायचं डोक्यात आहे, पण त्यात परत दोन वर्षं पगार बंद, आणि तेवढे पैसे बाबांकडे मागायची माझी तयारी नाही. रेल्वेची असिस्टंट लोको पायलटची भरती निघाली की फॉर्म भरणार, तिथे दहावी आणि हा आयटीआय चालतो.