अनार्कचा व्हायरस डेक, सात महिने वापरल्यानंतर: लीच काढू नका

२०२५ मध्ये एलिव्हेशन हा नवा संच आला आणि नेटरनर या कार्डांच्या खेळाच्या (एक जण रनर म्हणजे हॅकर, दुसरा कॉर्प म्हणजे कंपनी) स्टँडर्ड फॉरमॅटमधून फॅन्टसी फ्लाइट या जुन्या प्रकाशकाच्या काळातली जवळपास सगळी कार्डं एका फटक्यात गेली. शुअर गॅम्बल, हेज फंडसारखी काही मोजकी सिस्टिम गेटवे या पायाभूत संचात असल्यामुळे वाचली. अनार्क या रनरच्या गटाचा जुना डेक तेव्हा अक्षरशः मोडला. पैसा आणणारी कार्डं गेली, ठरलेले ब्रेकर (आइस तोडणारे प्रोग्रॅम) गेले. उरलेल्या सांगाड्यावर नवा व्हायरस डेक उभा केला, त्याला आता सात महिने झाले. आयडेंटिटी (डेकचं मुख्य पात्र) लूप, पाया पूर्ण गेटवेचा. नियम, क्लिक, सर्व्हर यांची ओळख इथे करून देत नाही. ती नसेल तर गेटवेतले सुरुवातीचे दोन छोटे डेक आधी खेळा, मग इकडे या.

आधी मुख्य मुद्दा. या डेकमध्ये लीच नावाचं १ क्रेडिटचं कार्ड आहे आणि बाकीचा सगळा डेक त्याच्याभोवती फिरतो. नवे खेळाडू यादी छाटायला बसले की पहिली कात्री त्यालाच लावतात, कारण ते स्वतः काही तोडत नाही, पैसे देत नाही, कार्ड ओढत नाही. मध्यवर्ती सर्व्हरवर (एचक्यू म्हणजे कॉर्पचा हात, आरअँडडी म्हणजे त्याची गड्डी, आर्काइव्ह्ज म्हणजे त्याची टाकलेली कार्डं) रन यशस्वी झाला की त्याच्यावर एक व्हायरस काउंटर बसतो, आणि समोर आइस (सर्व्हरची राखण करणारं कार्ड) आलं की एक काउंटर खर्चून त्याची ताकद तेवढ्या भेटीपुरती १ ने उतरवता येते. वाचायला किरकोळ. हिशोब मांडला की कळतं.

ब्रेकरपैकी क्लीव्हरची ताकद ३. १ क्रेडिटला बॅरियर प्रकारच्या आइसची दोन सबरूटीन (आइसवरच्या परिणामाच्या ओळी) तुटतात, हे झकास. पण ताकद १ ने वाढवायला २ क्रेडिट लागतात. कोड गेट प्रकारचं आइस तोडणाऱ्या बझसॉचीही ताकद ३, तोडण्याचा दर तोच, आणि ताकद वाढवायला तब्बल ३ क्रेडिट. म्हणजे बॅरियरसमोर लीचचा एक काउंटर २ क्रेडिटचा आणि कोड गेटसमोर ३ क्रेडिटचा. आर्काइव्ह्जवर आइस नसेल तर तिथे एक क्लिक घालून रन मारला की तो काउंटर फुकट मिळतो. साधा क्लिक घालून बँकेतून १ क्रेडिट मिळतं, इथे त्याच क्लिकचे दोन किंवा तीन होतात. दोन लीच मांडलेले असतील तर एकाच रनमध्ये दोघांवर काउंटर बसतो, म्हणजे ते दुप्पट.

आता आइस समोर ठेवून बघा. पॅलिसेड हे बॅरियर रिमोटवर (कॉर्पने स्वतः उभ्या केलेल्या सर्व्हरवर) असेल तर ताकद ४. क्लीव्हरला २ देऊन ताकद वाढवायची, १ देऊन तोडायचं, एकूण ३. एक काउंटर टाकला की १. ब्रॅन १.० ची ताकद ६ आणि सबरूटीन तीन. लीचशिवाय ६ अधिक २, म्हणजे ८ क्रेडिट. तीन काउंटर असतील तर २. फॅरॉसवर तीन ॲडव्हान्समेंट चढले की त्याची ताकद १० होते. क्लीव्हरने सरळ तोडायला १६ क्रेडिट लागतात, एवढे पैसे या डेककडे कधीच नसतात. पण दोन लीच मांडून एकाच टर्नमध्ये तीनदा आर्काइव्ह्ज मारलं तर सहा काउंटर होतात, फॅरॉस ४ वर येतं, आणि चौथ्या क्लिकला ४ क्रेडिटमध्ये आत जाता येतं.

हे लक्षात आलं की समोरचा कॉर्प आर्काइव्ह्जवर आइस टाकतो. टाकू द्या. ते आइस रिमोटवरून किंवा आरअँडडीवरून कमी झालेलं असतं, आणि रेझ (उलटून चालू) करायचे पैसेही त्याचेच गेलेले असतात.

चुका कुठे होतात तेही सांगतो. काउंटरचा परिणाम त्या भेटीपुरताच असतो, पुढच्या आइससाठी नव्याने खर्च करावा लागतो. मागोमाग दोन मोठी आइस असतील तर काउंटर कुठे वापरायचे हे रन सुरू करण्याआधीच ठरवा. व्हाइटस्पेसची ताकद मुळातच ०, तिथे लीच काही कामाचा नाही. बझसॉ १ क्रेडिटमध्ये दोन्ही सबरूटीन तोडतो. बझसॉ आलाच नसेल तर खिशात १० क्रेडिट घेऊन जा. ३ गेले तरी ७ उरतात आणि रन थांबत नाही. ९ घेऊन गेलात तर अडकलात.

यादीचा गाभा असा: लीच ३, क्लीव्हर २, बझसॉ २, मेफ्लाय २, कार्निव्होर २, फर्मेंटर २, बॉट्युलस २, शुअर गॅम्बल ३, स्ट्राइक फंड ३, स्टीलस्किन स्कारिंग ३. बाकीच्या जागा जेलब्रेक, वाइल्डकॅट स्ट्राइक, ओव्हरक्लॉक, टेलिवर्क काँट्रॅक्ट आणि त्या त्या महिन्याच्या गरजेची कार्डं. एकूण ४५. स्ट्राइक फंड आणि स्टीलस्किन मुद्दाम तीन-तीन आहेत. कार्निव्होर हातातली दोन कार्डं फेकून समोरचं कार्ड ट्रॅश (बाद) करतो. ही दोन फेकली गेली तर स्ट्राइक फंडचे २ क्रेडिट मिळतात, स्टीलस्किन दोन कार्डं ओढायला देतं, आणि टर्नमधलं पहिलंच ट्रॅश असेल तर लूप आणखी १ क्रेडिट आणि १ कार्ड देतो. नुकसान काहीच उरत नाही.

पर्जबद्दल मात्र मत बदललं आहे. पहिले दोन महिने तक्रार हीच होती: कॉर्पने तीन क्लिक घातले की टेबलावरचे सगळे व्हायरस काउंटर साफ. बॉट्युलस रिकामा, लीच रिकामा, फर्मेंटर रिकामा. त्या काळात यादीत बॉट्युलस तीन होते आणि लीच दोनच. बॉट्युलस एका आइसवर चिकटतो, दर टर्नला एक काउंटर मिळवतो आणि एका काउंटरला त्या आइसचं एक सबरूटीन तोडतो, ताकद बघायचीच नाही. पहिल्या आठवड्यात तोच सगळ्यात भारी वाटला. पण कॉर्प शहाणा असेल तर तो सर्व्हर सोडून शेजारी दुसरा उभा करतो, आणि आपला बॉट्युलस जुन्या आइसवर बसून राहतो. लीच आपल्याबरोबर सगळीकडे येतो. म्हणून तिसरा बॉट्युलस गेला आणि तिसरा लीच आला. ट्रँक्विलायझरही तेव्हाच काढला. बसवल्यावर १ काउंटर, पुढच्या टर्नला २, त्याच्या पुढच्याला ३, तेव्हा कुठे आइस डीरेझ होतं. मधल्या दोन टर्नमध्ये कॉर्प अजेंडा (गुणांचं कार्ड) मिळवून मोकळा होतो.

मग पर्जकडे उलट्या बाजूने पाहायला सुरुवात झाली. कॉर्पकडे टर्नला तीनच क्लिक असतात. पर्ज केलं म्हणजे त्याचा पूर्ण टर्न गेला: एक कार्ड ओढलं आणि थांबला, ना इन्स्टॉल, ना ॲडव्हान्स. आपल्या हातात चार क्लिक शिल्लक. आर्काइव्ह्ज उघडं असेल तर दोन लीचवर त्याच टर्नमध्ये सहा काउंटर परत येतात. ही देवाणघेवाण आपल्याच फायद्याची आहे. आता टेबलावर फर्मेंटर दिसेल असा ठेवतो, पर्ज ओढून घेण्यासाठीच. त्यावर दर टर्नला एक काउंटर चढतो, आणि क्लिक घालून तो ट्रॅश केला की काउंटरमागे २ क्रेडिट मिळतात. पाच काउंटर झाले की १० क्रेडिट होतात, तिथे मोडून टाकावा. सहाव्यासाठी थांबणं म्हणजे २ क्रेडिटसाठी १० पणाला लावणं. हा मोह आवरत नाही म्हणून कितीतरी डाव गेलेले पाहिले आहेत.

एक पोटशूळ मात्र कायम आहे: क्लिक न घालता पर्ज करणारी कार्डं. बोरिॲलिस सायकलच्या (संचमालिकेच्या) काळात आलेलं माव्हायरस हे त्यातलं. रन अर्ध्यावर असताना कॉर्प ते फोडतो आणि ज्या काउंटरच्या भरवशावर आत शिरलो ते क्षणात नाहीसे होतात. कॉर्पच्या एखाद्या रिमोटमध्ये न उघडलेलं एकटं कार्ड बरेच टर्न पडून असेल तर मोठा रन करण्याआधी ते बघून घ्या. लूपला ट्रॅश करायला तसंही निमित्त हवंच असतं. ते जमलं नाही तर बाहेरच्या पहिल्या आइसला रोख पैसे द्या आणि काउंटर आतल्यासाठी राखा. पर्ज झालंच तर तोटा आटोक्यात राहतो.

आता खर्चाचं, कारण बदलत्या खेळात डेक टिकवायचा म्हणजे पैशाचं गणित आलंच. हा खेळ आता चालवणारी नल सिग्नल गेम्स आपली कार्डं छापण्यासाठी मोफत पीडीएफमध्ये देते आणि स्पर्धांमध्येही अशी छापील कार्डं चालतात. ए४ पानावर नऊ कार्डं बसतात. ४५ कार्डांचा रनर म्हणजे बरोबर पाच पानं, ४९ कार्डांचा कॉर्प म्हणजे सहा. यावरून एक नियम ठरवला आणि तो खेळासाठीही उपयोगी निघाला: रोटेशन (जुने संच बाद होणं) होवो की बॅन लिस्ट येवो, एका वेळी बदल एका पानाचा, म्हणजे जास्तीत जास्त नऊ कार्डांचा. दहावं बदलावंसं वाटलं तर डेकची कल्पनाच चुकते आहे असं समजावं. आणि छापण्याआधी नवी यादी जिंतेकी डॉट नेट या ऑनलाइन खेळायच्या साइटवर किमान दहा डाव खेळून बघावी, तिथे एक पैसा लागत नाही. यादीतलं कुठलं कार्ड बाद झालं ते नेटरनरडीबी ही कार्डांची आणि डेकची साइट लगेच दाखवते, त्यामुळे आंधळेपणाने छापायची वेळ येत नाही.

गेटवे हा संच कायम राहावा म्हणूनच काढलेला आहे. म्हणून कणा त्याचाच ठेवा, आणि सायकलींमधली कार्डं फक्त कडेच्या आठ-नऊ जागांवर घ्या. ती कधीतरी जाणार हे धरूनच चाला.

छपाईत हमखास चुकतं ते एकच. दुकानातल्या मशीनवर बहुतेक वेळा ‘फिट टू पेज’ लावलेलं असतं, आणि कार्ड थोडं लहान होऊन स्लीव्हमध्ये हलतं. ‘ॲक्चुअल साइज’ सांगा, आणि पहिलं पान निघालं की पट्टी लावून मोजा: ६३ बाय ८८ मिलिमीटर. साधा ८० जीएसएमचा कागद पुरतो. स्लीव्हमध्ये त्याच्या मागे जुनं पोकर मापाचं पत्त्याचं कार्ड घाला. ब्रिजच्या कॅटमधले पत्ते घेऊ नका, ते रुंदीला कमी असतात आणि सरकतात. स्लीव्हची मागची बाजू अपारदर्शक हवी. नवं पान छापलं की फक्त त्या नऊ कार्डांना नवे स्लीव्ह घालायचा मोह होतो. तसं करू नका. नव्या स्लीव्हची चकाकी आणि कडकपणा बोटांना लगेच कळतो, म्हणजे कार्डं ओळखीची होतात. बदलायचे तर ४५ च्या ४५ बदला, नाहीतर जुन्याच स्लीव्हमधला कागद बदला.

मराठी माणसाला या खेळात आणखी एक सुखद धक्का आहे. फॅन्टसी फ्लाइटची जुनी मुंबाद सायकल भविष्यातल्या भारतीय महानगरावर बेतलेली होती आणि तिच्यातल्या दोन पॅकची नावं काला घोडा आणि साल्सेट आयलंड अशी आहेत. स्टँडर्डमध्ये ती कार्डं आता चालत नाहीत, इटर्नल या जुनी कार्डंही घेणाऱ्या फॉरमॅटमध्ये चालतात. नुसत्या नावांसाठी का होईना, एकदा चाळून बघा.

डेकची खरी दुखणी दोन. पहिलं, रिमोटमधली मॅनेगार्म स्कंकवर्क्स आणि ॲनोएटिक व्हॉइड ही अपग्रेड. पहिलं कार्ड सर्व्हरपाशी पोचल्यावर २ क्लिक किंवा ५ क्रेडिट मागतं. दुसऱ्यात कॉर्प २ क्रेडिट देतो, हातातली दोन कार्डं टाकतो आणि रन संपवतो. इथे लीचचा काहीही उपयोग नाही. मॅनेगार्मसाठी रिमोटचा रन पहिल्याच क्लिकला सुरू करा आणि काउंटर आदल्या टर्नला जमवून ठेवा. व्हॉइडसाठी एचक्यूवर दबाव ठेवा. जेलब्रेक तिथेच घाला, कारण हात रिकामा असलेल्या कॉर्पला टाकायला कार्डं नसतात.

दुसरं, मेमरी, म्हणजे प्रोग्रॅम मांडायची जागा. सुरुवातीला चारच युनिट असतात. क्लीव्हर, बझसॉ आणि दोन लीच झाले की संपली. मेफ्लाय एकटा दोन खातो. म्हणून कार्निव्होर लवकर यायला हवा, त्याचं एक वाढीव युनिट त्याच्या ट्रॅशइतकंच मोलाचं आहे. तो आला नाही तर दोन्ही लीच काढून मेफ्लाय मांडावा लागतो, आणि ते नेहमी चुकीच्या वेळीच करावं लागतं.

मेफ्लायवरच आता शंका आहे. गेटवेत अनार्कला स्वतःचा किलर (सेंट्री प्रकारचं आइस तोडणारा ब्रेकर) दिलेलाच नाही, त्यामुळे सेंट्रीसमोर मेफ्लाय किंवा बॉट्युलस हेच आधार. करुणा या सेंट्रीची (नाव गोड, पण दोन सबरूटीन मिळून ४ नेट डॅमेज) ताकद ३. मेफ्लायची १. म्हणजे २ ताकदीचे आणि २ तोडण्याचे, एकूण ४ क्रेडिट, आणि रन संपला की मेफ्लाय ट्रॅश. शेपर या दुसऱ्या गटाचा किलर एशेलॉन मांडलेल्या प्रत्येक ब्रेकरमागे ताकद १ ने वाढवतो. क्लीव्हर आणि बझसॉ असतील तर तो स्वतः धरून ३ वर पोचतो आणि करुणा २ क्रेडिटमध्ये तुटते. टिकतो, मेमरीही एकच खातो. दुसऱ्या गटाचं कार्ड म्हणून इन्फ्लुएन्स (तसली कार्डं घ्यायची ठरावीक मर्यादा) जातो, आणि बाकीचे दोन ब्रेकर आले नसतील तर तो लंगडा. सध्या एक मेफ्लाय, एक एशेलॉन अशी यादी जिंतेकी डॉट नेटवर लावली आहे. दहातले सहा डाव झाले. त्यातल्या दोनमध्ये एशेलॉन एकटाच हातात आला आणि टाइथसारख्या १ ताकदीच्या आइसच्या पुढे त्याची मजल गेली नाही. उरलेले चार होईपर्यंत पान छापायला टाकणार नाही.