ग्रॅव्हल सायकल, दीड वर्षानंतर: सगळं हँगरवर अडतं

राजमाचीच्या रस्त्यावर हँगर मोडून मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) स्पोकमध्ये गेला आणि पावसाळ्यानंतरचा ऐन मोसम सर्व्हिस सेंटरला फोन करण्यात गेला, म्हणून हा अनुभव लिहितोय. कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांवर चालणारी ही ग्रॅव्हल सायकल कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण ही अडचण एका कंपनीची नाही. लाखाच्या आतली, अॅल्युमिनियमची फ्रेम, पुढे एकच ४० दात्यांची चेनरिंग, मागे ११ ते ४२ दात्यांची चक्रं, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक, ४० मिमीचे ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले टायर. बाकीचं तुम्हाला माहीत असतंच.

ग्रॅव्हल चालवणाऱ्यांना हँगर काय ते सांगायला नको, पण आपल्या सायकलचा हँगर काढून हातात घेऊन किती जणांनी पाहिलाय? मागचा डिरेलर फ्रेमला थेट बसत नाही, मधे अॅल्युमिनियमचा हा अंगठ्याएवढा तुकडा असतो. तो मुद्दाम मऊ ठेवतात. सायकल आपटली किंवा फांदी अडकली की आधी हा वाकावा किंवा मोडावा आणि फ्रेम वाचावी, हा त्यामागचा विचार, आणि तो अगदी बरोबर आहे. पण प्रत्येक कंपनीच्या जवळजवळ प्रत्येक मॉडेलला त्याचा आकार निराळा. भोक दोन मिलिमीटर इकडे, कड जरा तिरकी, की झाला दुसरा पार्ट. सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅमने २०१९ साली यूडीएच नावाचा एकच सर्वांना चालेल असा हँगर आणला आणि बऱ्याच कंपन्या आता तो लावतात. माझ्या फ्रेमला तो नाही. सायकल घ्यायला गेलात तर रंग, वजन, गिअर सगळं नंतर बघा, आधी यूडीएच आहे का ते विचारा. नसेल तर त्याच दिवशी दोन जादा हँगर बिलात लावून घ्या, आणि दुकानदार ‘मागवून देतो’ म्हणाला तर सायकल तिथेच ठेवून बाहेर पडा.

आता राजमाची. लोणावळ्याहून तुंगार्ली मागे टाकलं की गावापर्यंत साधारण पंधरा किलोमीटर, बहुतेक कच्चा रस्ता. ‘मुंबईत राहून ग्रॅव्हल कशाला?’ असं कुणी विचारलं तर मी हाच रस्ता दाखवतो. मुरूम, मधेच उघडा पडलेला कातळ, गर्द झाडीतली वळणं, आणि एका अंगाला उल्हासची खोल दरी. कातळधार धबधबा याच दरीत कोसळतो, आणि इथे उगम पावलेली नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीला मिळते. पुढे श्रीवर्धन आणि मनरंजन हे जोडबालेकिल्ले दिसायला लागले की पाय आपोआप जोरात चालतात. रोडबाईक इथे टिकत नाही. जाड टायरची एमटीबी (डोंगरातली सायकल) टिकते, पण डांबरावर ती जीव काढते. मागे ३५ आणि पुढे ३२ पीएसआय हवा ठेवली तर ४० मिमीचे टायर खडीवरही पकड सोडत नाहीत. माझं वजन पंचाहत्तरच्या आसपास आहे, त्या हिशेबाने वाचा.

परतीला एक ओढा ओलांडताना पाण्याखालची फांदी चाकात ओढली गेली. हँगर मधून मोडला, डिरेलर वर फिरून स्पोकमध्ये बसला. सोबत चेन टूल (चेन तोडायचं हत्यार) आणि क्विक लिंक (ती जोडायची कडी) होती म्हणून निभावलं. डिरेलर सोडवून बाजूला केला, चेन कापून मागच्या एका मधल्या चक्रावर सरळ बसवली आणि सायकल एकाच गिअरची करून टाकली. हे करणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा: चढावर जोर लावला की चेन शेजारच्या मोठ्या चक्रावर चढू बघते आणि इतकी ताणली जाते की तुटेल. सपाटीवर हलक्या पायाने चालवायचं, चढाला उतरून ढकलायचं. अंधार पडायच्या आत लोणावळा गाठलं.

खरा मनस्ताप मुंबईत आल्यावर. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: ‘सर, पार्ट इंपोर्टचा आहे, पुढच्या कंटेनरमध्ये येईल.’ किंमत बावीसशे, आगाऊ. वॉरंटीत बसत नाही म्हणाले. ते मला मान्य आहे, हँगर मोडण्यासाठीच असतो. माझं म्हणणं एवढंच होतं की जो भाग मोडण्यासाठी बनवलाय तो विकणाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये पडलेला असलाच पाहिजे. नव्वद हजारांची सायकल एका तुकड्यासाठी गॅलरीत उभी राहते आणि समोरचा माणूस मला नवीन हेल्मेटवरची सूट सांगतो, याचा राग मला आजही आहे.

शेवटी मोडक्या हँगरचे दोन्ही तुकडे घेऊन भांडुपच्या एका औद्योगिक गाळ्यात गेलो. तिथे मिलिंगचं काम करणाऱ्या काकांनी तुकडे जुळवून कॅलिपरने मापं घेतली. आटे बघून म्हणाले, ‘हे साधं दहा नंबरचं नाही हो.’ बरोबर होतं. डिरेलरचा बोल्ट एम-१०, पण आटे बारीक, १ मिमी अंतराचे. नेहमीच्या एम-१० ला दीड असतात. तसे आटे पाडायचा टॅप त्यांनी शेजारच्या गाळ्यातून आणला. ‘स्टीलमध्ये करून देऊ का? जन्मात मोडणार नाही,’ असंही विचारलं. मी हात जोडून नको म्हटलं. हँगर मोडला नाही तर त्याच्या जागी डिरेलर किंवा फ्रेमचं टोक जातं, आणि फ्रेमचं टोक म्हणजे फ्रेमच. ६०६१ अॅल्युमिनियमच्या पट्टीतून दोन नग करून घेतले, साडेचारशेला एक. बसवल्यावर आपल्या नेहमीच्या सायकलवाल्याकडे गेज लावून सरळ आहे ना ते बघून घेतलं. हे टाळू नका, जरा वाकडा असला तरी गिअर दिवसभर कटकट करतात.

त्या दिवसांत सायकल विकायची असं मी जवळपास ठरवलं होतं. ते मत तानसाने बदललं, म्हणून आता चांगलंही लिहितो. तानसा धरण १८९२ सालचं, मुंबईच्या नळाला तिथलं पाणी येतं, आणि भोवतीचं अभयारण्य साग-ऐनाचं. जंगलाबाहेरच्या बैलगाडीच्या वाटा मला आतल्यापेक्षा जास्त आवडतात. तिथे बाभळीचे काटे सर्वत्र पसरलेले असतात आणि आधीच्या सायकलवर मी या भागात फक्त पंक्चर काढायचो. या वेळी घरी येऊन टायर धुतले तर मागच्या टायरमध्ये काटेच काटे, आणि हवा जशीच्या तशी. एकेक काटा उपटला, भोकातून सीलंटचा (भोक बुजवणाऱ्या द्रवाचा) पांढरा थेंब आला, फिरवलं, बंद. ट्यूबलेसचा खर्च मला तोपर्यंत चैन वाटत होता. आता वाटत नाही. फक्त सीलंट आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकर सुकतं. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, मार्च ते मे दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्हमधून पन्नास-साठ मिली घाला. पालिकेच्या जलवाहिनीच्या कडेच्या रस्त्यावर पहारेकरी अडवेल तिथून मुकाट वळा. ती शहराच्या पाण्याची जागा आहे, हुज्जत घालण्याची नाही.

कुंडलिकेचं खोरं हा तिसरा आवडता भाग. ताम्हिणीच्या माथ्यावरून ती दरी बघणं वेगळं आणि खालून कोलाड-भिरा बाजूने तिच्या काठाने चालवणं वेगळं. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली सोडतात, म्हणून ही नदी एप्रिलमध्येही वाहती असते. डोलवहाळ बंधाऱ्याच्या कालव्यांच्या कडेचे मुरमाड रस्ते सपाट, शांत आणि सावलीचे आहेत, नवशिक्यांना मी आधी तिथे पाठवतो. अंधारबनात मात्र सायकल नेऊ नका. ती पायवाट आहे, तिथे माणसांनाच जागा पुरत नाही.

केबलच्या ब्रेकबद्दलही माझं मत आता वेगळं आहे. सुरुवातीला हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) नाहीत याचं फार वाईट वाटायचं, घाट उतरताना बोटं दुखतात हे खरंच आहे. पण केबल कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळते आणि ती बदलायला कंटेनरची वाट बघावी लागत नाही. हँगरच्या अनुभवानंतर मला याचं मोल फार वाटतं. पावसाळ्यात तेवढे ब्रेकचे रेझिनचे पॅड काढून सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) लावा. कोकणातला तांबडा चिखल रेझिनचे पॅड बघता बघता खाऊन टाकतो. सिंटर्ड जरा ओरडतात, ओरडू देत.

ताजी भर: हे लिहून ठेवल्यावर कंपनीचा हँगर आला. काकांच्या हँगरशेजारी ठेवून मापं घेतली, फरक शोधूनही सापडला नाही. पैसे परत मागितले आहेत, अजून उत्तर नाही. सध्या सायकलला भांडुपचाच हँगर आहे आणि दुसरा सीटखालच्या पिशवीत, चेन टूलच्या शेजारी. तुमच्या फ्रेमचा हँगर मिळत नसेल तर तो मोडायच्या आधी काढून त्याची मापं घेऊन ठेवा. अखंड तुकड्यावरून नक्कल करणं दोन तुकडे जुळवण्यापेक्षा कितीतरी सोपं, असं काकांनीच सांगितलंय.