इलास्टिक्स: आठ महिने वापरल्यावर

एकाचा स्कॅन ताणून-वळवून दुसऱ्याच्या स्कॅनवर जुळवायचा हे माझं काम, आणि इलास्टिक्स हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर. या कामात मेंदूच्या स्कॅनवर काम करणाऱ्यांचा मला मनापासून हेवा वाटतो. कवटी म्हणजे घट्ट झाकणाचा डबा, जोडीला एमएनआय १५२ सारखा, अनेक मेंदूंची सरासरी काढून ठरलेला साचा. डोकं थोडं फिरवा, थोडं ताणा, बसतं. माझ्या वाट्याला मात्र कवटीच्या तळापासून मांड्यांपर्यंतचं अख्खं धूड आलं.

परळच्या आमच्या लॅबमध्ये पेट-सीटी स्कॅन (सीटीत शरीराची रचना दिसते, पेटमध्ये टोचलेलं किरणोत्सारी द्रव्य कुठे जमलं ते) एका संदर्भ शरीरावर बसवायचे असतात. तसं केलं की सगळ्यांच्या यकृताचा तोच कोपरा, व्हॉक्सेलला (स्कॅनच्या त्रिमितीय ठिपक्याला) व्हॉक्सेल लावून, ताडून बघता येतो. त्यासाठी जूनपासून इलास्टिक्स वापरते आहे. फुकट, मुक्त स्रोत, आयटीके या वैद्यकीय चित्रांसाठीच्या प्रोग्रॅम-संग्रहावर बांधलेलं; मूळ लेख २०१० चा. टर्मिनलमधून चालवायचं, सगळ्या सेटिंग एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. पहिला आठवडा वैतागले. आता तेच आवडतं, कारण जुलैत काय दिवे लावले होते ते फाइल उघडली की कळतं.

आधी अफाइन (अख्खं शरीर एकसारखं सरकवणं-फिरवणं-ताणणं), मग बी-स्प्लाइन (जाळीचे बिंदू हलवून जागोजागी वेगळं वाकवणं), आणि जाळी सुरुवातीला मोठ्या घरांची. मी उत्साहात पहिल्याच फटक्यात बारीक जाळी दिली. चित्र सुरेख जुळलं. मॅडम म्हणाल्या, जेकोबियन काढ, म्हणजे कुठला भाग किती फुगला-आकसला त्याचा आकडा. काढला, तर फासळ्यांपाशी ऋण आकडे! म्हणजे तिथे शरीर स्वतःवरच दुमडलेलं. बेंडिंग एनर्जीची पेनल्टी, म्हणजे अति वाकवण्याला दंड, लावल्यावर जुळणी किंचित सैल झाली, पण फासळ्या माणसाच्या राहिल्या. नुसतं बघून 'छान बसलंय' म्हणणाऱ्यांवर तेव्हापासून माझा भरवसा नाही.

दुसरी चूक जास्त महाग पडली. सीटीवरून सापडलेलं रूपांतर अवयवांच्या लेबलांना (कुठला ठिपका कुठल्या अवयवाचा ते सांगणाऱ्या आकड्यांना) लावायला इलास्टिक्ससोबतचं ट्रान्सफॉर्मिक्स चालवलं. आमच्याकडे पित्ताशय ४, यकृत ५. निकालात यकृताभोवती कांद्याच्या पापुद्र्यासारखी पित्ताशयाची साल! त्याबाहेर मूत्रपिंडाची, मग प्लीहेची. फाइलमध्ये शेवटच्या इंटरपोलेशनची (ठिपक्यांमधल्या जागी अंदाजाने आकडा भरण्याची) ऑर्डर ३ तशीच राहिली होती, त्यामुळे ५ वरून ० वर उतरताना मधले सगळे आकडे भरले गेले. लेबलांसाठी ती ० करायची. एवढ्या एका आकड्यापायी दोन आठवड्यांचे तक्ते रद्दीत गेले. माहितीपुस्तिकेत लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

पेटच्या बाबतीत मूत्राशय सरळ झाकून टाकते. एफडीजी, म्हणजे पेटसाठी टोचलेलं साखरेसारखं किरणोत्सारी द्रव्य, लघवीतून बाहेर पडतं, त्यामुळे तो दिव्यासारखा पेटतो आणि भरलेला किती हे माणसागणिक वेगळं. यकृताच्या वरच्या घुमटाचे आकडेही जपूनच वाचते: सीटी क्षणात होतो, पेट चालू असताना पेशंट श्वास घेत असतो.

वेगाची तक्रार नाही. रात्री रन लावून दादरला गाडी पकडायची, सकाळी निकाल.

खरा छळ हातांचा. बहुतेक पेशंट लोकलमध्ये कडी धरल्यासारखे हात वर करून झोपतात, म्हणजे छातीच्या सीटीवर रेघोट्या येत नाहीत. खांदा धरलेल्या आजोबांना ते जमत नाही, त्यांचे हात खाली. वरचा हात खाली आणायला कुठलीच पेनल्टी उपयोगी नाही. सॉफ्टवेअर दंडाचं मांस बरगड्यांवर ओढून आणतं. मी आता जुळवण्याआधीच हात कापून टाकते. तरी खांद्याभोवतीचे आकडे हिशेबात धरत नाही, आणि हात खाली असलेल्यांचं फोल्डर अजून वेगळंच ठेवलंय.