कोव्हान्स, लॅबकॉर्प की फोर्ट्रिया? काम देण्याआधी कोणाकडे काय उरलंय ते बघा

औषध कंपन्यांसाठी प्राण्यांवरचे अभ्यास आणि माणसांवरच्या चाचण्या कंत्राटाने करून देणाऱ्या कोव्हान्सचं नाव औषध संशोधनाच्या धंद्यात इतकं मुरलंय की पाटी बदलून वर्षं झाली तरी 'कोव्हान्सला काम दिलंय' असंच लोक म्हणतात. बोलण्यात चालतं, करारात नाही. पूर्वी त्या एका नावाखाली जे मिळायचं, ते आज लॅबकॉर्प, फोर्ट्रिया आणि आर्सेनल कॅपिटल अशा तीन मालकांकडे वाटलं गेलंय आणि तिघांची सेवा वेगवेगळी जोखावी लागते.

मुळात ही लॉइड हेझलटन यांची व्हर्जिनियातली विषशास्त्र प्रयोगशाळा. १९८९ मध्ये रेस्टनच्या माकडांमध्ये इबोलाचा नवा प्रकार सापडला, ते केंद्र हेझलटनचंच. त्याआधीच, १९८७ मध्ये, काच बनवणाऱ्या कॉर्निंगने कंपनी घेतली होती. १९९६ च्या अखेरीस कॉर्निंगने औषध संशोधन सेवा आणि रोगनिदान प्रयोगशाळा दोन्ही वेगळ्या काढल्या: एक कोव्हान्स, दुसरी क्वेस्ट डायग्नोस्टिक्स. पुढे २०१५ मध्ये सुमारे ६.१ अब्ज डॉलर मोजून कोव्हान्स घेतली ती क्वेस्टच्या थेट स्पर्धकाने, लॅबकॉर्पने!

मधल्या काळातला सर्वांत हुशार सौदा २००८ चा. एली लिली या औषध कंपनीचं इंडियानातलं ग्रीनफिल्ड केंद्र ५ कोटी डॉलरला घेतलं आणि सोबत लिलीकडून १० वर्षांचं १.६ अब्ज डॉलरचं काम मिळवलं. २०१० मध्ये सानोफीची दोन केंद्रं याच पद्धतीने आली. इमारत, माणसं आणि गिऱ्हाईक एकदम. २०१९ मध्ये एन्व्हिगो या दुसऱ्या संशोधन कंपनीशी अदलाबदल झाली: त्यांचा प्राणी-अभ्यासाचा धंदा घेतला, संशोधनासाठी प्राणी पुरवण्याचा स्वतःचा धंदा त्यांना दिला. त्यामुळे विषशास्त्र ही या घराण्याची सगळ्यात भक्कम बाजू आणि ती आजही लॅबकॉर्पकडेच आहे. सगळ्या चाचणी केंद्रांचे नमुने एकाच ठिकाणी तपासणारी सेंट्रल लॅबही तिथेच.

२०२३ च्या मध्याला माणसांवरच्या, पहिल्या ते चौथ्या टप्प्यांच्या चाचण्यांचा भाग लॅबकॉर्पमधून फोर्ट्रिया म्हणून वेगळा झाला. २०१७ मध्ये सुमारे १.२ अब्ज डॉलरला घेतलेली चिल्टर्न ही चाचण्या करणारी कंपनीही त्यातच गेली. वर्षभरात फोर्ट्रियाने एंडपॉइंट, म्हणजे रँडमायझेशन (कोणत्या रुग्णाला कोणतं औषध हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणं) आणि औषधपुरवठा सांभाळणारी प्रणाली, रुग्णसेवेच्या विभागासकट आर्सेनल कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला विकली. 'लॅब, मॉनिटरिंग (चाचणी केंद्रांवर देखरेख), सॉफ्टवेअर सगळं एका छताखाली' ही जुनी जाहिरात तिथेच संपली.

याचा फटका बसतो तो कागदावर. अमेरिकी नियमाप्रमाणे (२१ सीएफआर ३१२.५२) प्रायोजकाने (चाचणी करवून घेणाऱ्या औषध कंपनीने) सीआरओकडे (कंत्राटी संशोधन कंपनीकडे) सोपवलेली जबाबदारी लेखी लागते, आणि जी लिहिलेली नाही ती सोपवलीच नाही असं धरतात. जुन्या मास्टर करारात 'कोव्हान्स आणि तिच्या संलग्न कंपन्या' असं असेल तर लक्षात घ्या, आज लॅबकॉर्प आणि फोर्ट्रिया एकमेकांच्या संलग्न नाहीत. लॅबचा डेटा आणि ईडीसीमधला (चाचणी केंद्रं रुग्णांची माहिती भरतात त्या संगणक प्रणालीतला) डेटा जुळवणं हे काम पूर्वी घरातल्या घरात व्हायचं, त्यामुळे वर्क ऑर्डरमध्ये ते कोणाच्या नावावर आहे याकडे कोणी बघत नसे. आता तिथे नाव नसेल तर ते काम तुमचं.

आणि हे काम किचकट असतं. लॅबच्या फाईलमध्ये किटचा (नमुना घ्यायच्या नळ्यांच्या संचाचा) क्रमांक, व्हिजिटचं नाव, नमुना घेतल्याची तारीख-वेळ असते. ईडीसीमध्ये केंद्राने हाताने भरलेलं. लॅब ज्याला 'अनशेड्यूल्ड' म्हणते ते ईडीसीत 'व्हिजिट ४ फेरतपासणी' असतं आणि क्वेरी (तफावतीबद्दलची विचारणा) सुटतच नाही. पहिला रुग्ण येण्याआधी डेटा ट्रान्सफर करारावर (डेटा कसा, कधी पाठवायचा ते ठरवणाऱ्या कागदावर) सह्या घ्या आणि खोट्या डेटाची चाचणी फाईल मागवा. तिच्यात रद्द झालेली तपासणी, पुन्हा घेतलेला नमुना, रक्तपेशी फुटलेला नमुना आणि एकक बदललेला निकाल हे चारही प्रकार हवेतच. नुसत्या सरळ निकालांची फाईल पास होते आणि खरी अडचण डेटाबेस लॉकच्या, म्हणजे डेटा कायमचा बंद करण्याच्या, तोंडावर निघते.

किटचंही तसंच. किटमधल्या ज्या नळीची मुदत सर्वांत आधी संपते, तीच पूर्ण किटची मुदत. रुग्णभरती मंदावली की केंद्रांवर किटं वाया जातात, म्हणून सुरुवातीचा साठा कमी ठेवून पुनर्पुरवठा आपोआप होईल असं लावून घ्या.

किमतीबाबत आमचं मत थोडं कडक आहे. तीन कंपन्या म्हणजे तीन प्रोजेक्ट मॅनेजर आणि तिघांचं शुल्क. बैठकांचे तास युनिटप्रमाणे लिहून घ्या, पास-थ्रू (बाहेरच्यांना देऊन तुमच्याकडून जसाच्या तसा वसूल होणारा) खर्च वेगळा दाखवायला सांगा आणि मालकी बदलल्यामुळे निघणारी चेंज ऑर्डर (कामातल्या बदलाचं वाढीव बिल) प्रायोजकाच्या खर्चाने होणार नाही, हे कलम आधीच टाका. नंतर मागितलं तर मिळत नाही.

लहान प्रायोजकाने विषशास्त्र लॅबकॉर्पकडे द्यायला हरकत नाही. फक्त अभ्यासाचा स्लॉट (सुरू होण्याची राखलेली तारीख) लेखी घ्या आणि तो पुढे ढकलल्यास दंड कोणाला तेही लिहा. फोर्ट्रियाकडे चाचणी देताना कंपनीच्या वयापेक्षा तुमच्या आजाराच्या प्रकारात काम केलेले मॉनिटर किती आणि ते किती काळ टिकलेत हे विचारा. बिड डिफेन्सला (काम मिळवण्यासाठीच्या सादरीकरणाला) बसलेली माणसं करारात नावानिशी घाला.

जुने प्राणी-अभ्यास असतील तर आणखी एक काम. जीएलपी (प्रयोगशाळेतल्या कामाच्या दर्जाचे नियम) पाळून केलेल्या अभ्यासाच्या अहवालात नमुने आणि मूळ नोंदी कुठे ठेवल्यात ते लिहावं लागतं. हेझलटन किंवा कोव्हान्सच्या काळातल्या अहवालात तेव्हाचा पत्ता असणार. पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेले ऊतींचे तुकडे), काचपट्ट्या आणि कागद आज कुठल्या इमारतीत, कुठल्या कंपनीच्या ताब्यात आहेत याचं पत्र मागवून अहवालासोबत लावा. तपासनीस आल्यावर शोधाशोध सुरू केली तर फार उशीर झालेला असतो.