सोनेरी शिक्क्याचा कागद

गेल्या आठवड्यात शेजारच्या गावातल्या एका पोराने मला मोबाईलवर एक कागद दाखवला. वर क्रूस, खाली सोनेरी शिक्का, मध्ये 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप', म्हणजे इंग्लंडमधलं चर्च सेवेला बोलावतंय याचा दाखला. नाव तेवढं त्याचं होतं, बाकी अख्खा कागद माझा. म्हणून लिहायला बसलो. नाहीतर हे चारचौघांत सांगायची मला काही हौस नाही.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातला. बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी झाल्यावर सात वर्षं खेड्यांतल्या मंडळ्यांत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, सेवा केली. परदेशात मिशनरी म्हणून जायचं पाचारण कॉलेजात असल्यापासून मनात होतं. आमच्याकडे मिशन म्हटलं की शाळा आठवते, दवाखाना आठवतो, तिकडून आलेली माणसं आठवतात. आता तिकडची चर्चं ओस पडतायत म्हणे, तर आपलं एखादं माणूस जावं. यात सेवेची ओढ किती आणि विमानात बसायची किती, ते आता विचारू नका.

प्रार्थनेच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर हे 'ब्रदर' भेटले. इंग्लंडमधल्या एका चर्चसाठी भारतातून सेवक निवडतो म्हणाले. झूमवर मुलाखत झाली. मी साक्ष सांगितली, म्हणजे देवाने माझ्या आयुष्यात काय केलं ते, ते रडले, निवड झाली. उपदेश कसा करतोस, इंग्रजी कितपत येतं, तुझ्या पाळकांचं, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचं, पत्र आहे का, यातलं काहीच विचारलं नाही. तेव्हाच शंका यायला हवी होती. मला वाटलं, देवाने दार उघडलं.

फॉर्मचे 18,000. स्पॉन्सरशिपचे 45,000. आरोग्य अधिभाराचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीच्या शुल्काचे, 60,000. तिकिटाचे 42,000. मिळून 1,65,000 गेले, त्यातले 70,000 मंडळीने जमवून दिलेले. कापणीच्या सणाला लोकांनी आणलेल्या बाजरीचा, कोंबड्यांचा, अंड्यांचा लिलाव झाला, त्याचे पैसेही त्यात होते. प्रत्येक हप्त्याआधी ब्रदर फोनवर प्रार्थना करायचे. माझ्या मुलांची नावं घेऊन करायचे. 'आमेन' झालं की मिनिटभरात क्यूआर कोड यायचा. एकदा मी म्हणालो, पैसे चर्चच्या खात्यात का नाही घेत? तर म्हणाले, "ब्रदर, थोमा होऊ नका." थोमा म्हणजे येशूचा शंका घेणारा शिष्य. मी गप्प बसलो. आणि हो, पाळकांना आत्ताच सांगू नका, हेवा करणारे फार असतात, हेही त्यांनीच बजावलं होतं. मंडळीला मी 'परदेश सेवा निधी' एवढंच सांगितलं होतं. म्हणजे खोटं बोलायला मी त्यांच्याही आधी शिकलो.

बायको म्हणाली होती, "अहो, गोरे मिशनरी इकडे आले ते त्यांच्या लोकांनी पाठवले म्हणून आले ना? मग तुम्हाला न्यायचे पैसे तुमच्याकडूनच कसे घेतात?" इतिहास मला पाठ होता. हॉल आणि नॉट या मिशनऱ्यांना 1812 मध्ये अमेरिकेत सेलमला दीक्षा मिळाली, अमेरिकन बोर्ड या तिथल्या मिशन संस्थेने त्यांना पाठवलं, 1813 मध्ये ते मुंबईला पोहोचले. परीक्षेत यावर पानं भरली होती मी. तरी तिला म्हणालो, "तुला त्यातलं कळत नाही."

शेवटी इंग्लंडमध्ये सेवेत असलेल्या वर्गमित्राला फोन केला, तोही कुठल्या विमानतळावर उतरायचं हे विचारायला. त्याने विचारलं, टीबीची तपासणी झाली? इंग्रजीचा दाखला? खात्यात 1,270 पौंडांएवढे पैसे 28 दिवस पडून आहेत, की चर्च हमी देतंय? माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. म्हटलं, पण सर्टिफिकेट आलंय, शिक्क्यासकट. तो जरा थांबला. "लेका, ते सर्टिफिकेट नावाचंच. ती कॉम्प्युटरवरची नोंद असते, तिचा नंबर असतो. कागद नसतोच." जो कागद मी देवघरातल्या वस्तूसारखा कपाटात जपला होता, तोच फसवणुकीचा पुरावा निघाला.

त्याने आणखी एक दाखवलं. तिथलं सरकार परवाना असलेल्या स्पॉन्सरांची यादी वेबसाइटवर ठेवतं, कुणालाही बघता येते. गंमत म्हणजे ब्रदरांनी सांगितलेल्या चर्चचं नाव त्या यादीत होतं. चर्च खरं, माणूस खोटा. चर्चच्या स्वतःच्या वेबसाइटवरून पत्ता घेऊन मी मेल केला. दोन दिवसांनी उत्तर आलं: अशी जागाच नाही, आमचं नाव वापरणारा तुमचा हा पहिला माणूस नाही. ब्रदरांचा मेल जीमेलचा होता, मी कधी नीट पाहिलाच नव्हता. आरोग्य अधिभार मात्र खरोखर असतो, म्हणून तर पटलं. पण तो व्हिसाचा अर्ज भरताना सरकारच्याच वेबसाइटवर भरतात, कुणाच्या यूपीआयवर नाही.

1930 वर फोन केला, सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. तिकिटाच्या हप्त्यातले काही पैसे बँकेने गोठवले, अजून हातात आलेले नाहीत. आधीचे तीन हप्ते कधीच पुढे सरकले होते. तक्रार करायला मी नऊ दिवस लावले, लाजेपायी.

रविवारी उपासनेनंतर उभा राहून सगळं सांगितलं. कुणी ओरडलं नाही, त्याचाच जास्त त्रास झाला. पाळकसाहेब एवढंच म्हणाले, "मला विचारायचं होतं रे." आता महिन्याला 3,000 मंडळीला परत करतो. खजिनदार दर वेळी पावती फाडतात आणि तपशिलात लिहितात, 'परदेश सेवा निधी, परत'. परवा अकरावी पावती मिळाली.