जुना कार्ब्युरेटर की नवा डुप्लिकेट?

खानापूरच्या पावसात चार महिने उभी असलेली यामाहाची आरएक्स १०० मोटारसायकल सुरू होईना, की बेळगावात सल्ला ठरलेला: 'नवा कार्ब्युरेटर टाका.' कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. सल्ला फुकट असतो. डुप्लिकेट स्वस्त, तासाभरात गाडी चालू. पण जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, मूळ मापाचं असेलच असं नाही. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोल कमी पडलं की ते जास्त तापतं, मग पिस्टन जाम.

मी गाडीचा मूळ मिकुनी कंपनीचा कार्ब्युरेटरच साफ करतो. अर्धा दिवस जातो. पायलट जेट (मंद चालीचं छोटं जेट) तारेनं टोकरू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा झोत पुरे. एअर स्क्रू (मंद चालीतली हवा कमी-जास्त करणारा) हलकेच पूर्ण आवळून साधारण दीड फेरी सोडा. इंजिन गरम झाल्यावर आवाज ऐकत थोडा मागेपुढे करा. अ‍ॅक्सिलरेटरबरोबर वर-खाली होणारी स्लाइड झिजली असेल, तरच नवा बघा.