फोटोखालच्या ओळींपायी 22,000 रुपये गेले

गेली सहा वर्षं मी माझ्या वेबसाइटवर नागपूरच्या मारबतीवर, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीवर, लिहिते आहे. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी जागनाथ बुधवारीतून पिवळ्या मारबतीच्या मागे चालायचं, फोटो काढायचे आणि घरी येऊन प्रत्येक फोटोखाली एक ओळ लिहायची: चौक कोणता, साल कोणतं, बडग्या (मिरवणुकीतला टीकेचा पुतळा) कोणत्या प्रश्नावर होता, तो कोणी बांधला. लेखापेक्षा या ओळींनाच मला जास्त वेळ लागतो.

सीताबर्डीत ऑफिस असलेल्या एका मुलाने नेमकं हेच हेरलं. "काकू, गूगलला फोटो कळत नाही, कॅप्शन कळते. कॅप्शन माझ्यावर सोडा, महिनाभरात पहिला नंबर, गॅरंटी." त्याच्या बोलण्यात अर्धं खरं होतं, म्हणूनच मी फसले. फोटो कशाचा आहे हे ठरवताना गूगल त्याच्या खालची ओळ आणि आजूबाजूचा मजकूर बघतं, हे गूगलनेच सांगितलेलं आहे. पण पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही, हेही गूगलच सांगतं. ते मी वाचलं नव्हतं.

22,000 रुपये ठरले, सगळे आगाऊ. सोबत वेबसाइटचा पासवर्डही मागितला, तो मी दिला.

पंधरा दिवसांनी फोटोंखालच्या ओळी गायब. विचारलं तर म्हणाला, "डिझाइन स्वच्छ केलं." मग आपल्या मोबाइलवर माझ्या लेखाचं पूर्ण शीर्षक टाइप करून दाखवलं. लेख सगळ्यात वर! मला इतका आनंद झाला की त्याला चहा-पोहे दिले. पूर्ण शीर्षक जसंच्या तसं टाकलं तर तो लेख वर येणारच, ते शब्द त्या क्रमाने दुसऱ्या कोणाकडे असणार? मारबत शोधणारा माणूस नुसतं 'पिवळी मारबत' टाकतो. तुम्हाला कोणी असा नंबर दाखवला, तर शब्द तुम्ही सांगा आणि फोनही तुमचाच वापरा.

खरं काय ते पुण्याच्या भाच्यामुळे कळलं. त्याने 'पिवळी मारबत बुधवारी' शोधलं, तर माझ्या लेखाच्या नावाखाली ओळ आली: 'नागपूर हॉटेल नागपूर टॅक्सी स्वस्त लॉन नागपूर'. शोधाच्या निकालात शीर्षकाखाली जो उतारा दिसतो, तो गूगल बहुतेक वेळा पानावरच्या मजकुरातूनच उचलतं, आणि फोटोखालची ओळ हाही मजकूरच. पान उघडून फोटोखालच्या रिकाम्या जागेवर माउस ओढला, तेव्हा पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत तेच शब्द सापडले, 64 च्या 64 फोटोंखाली.

त्याहून वाईट म्हणजे फोटोंचा ऑल्ट मजकूरही त्याने तसाच भरला होता. अंध वाचकाला फोटोत काय आहे ते फोन याच मजकुरातून वाचून दाखवतो. मारबतीच्या फोटोवर त्याला हॉटेल-टॅक्सी ऐकू येत होतं. याचा मला अजून संताप येतो.

बिलात 'मेटा कीवर्ड' म्हणून, म्हणजे वाचकाला न दिसणाऱ्या पानाच्या कोडमध्ये शब्द भरण्याचे, 4,000 रुपये वेगळे होते. क्रमवारीसाठी आपण ते वापरत नाही, हे गूगलने सप्टेंबर 2009 मध्येच जाहीर केलेलं आहे.

आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं सर्च कन्सोल उघडलं तर 'मॅन्युअल ॲक्शन्स'मध्ये, म्हणजे गूगलच्या माणसांनी केलेल्या कारवायांच्या यादीत, लपवलेल्या मजकुराबद्दल कारवाई नोंदलेली होती. हे साधन फुकट असतं, ते आधीच बघायला हवं होतं. मुलगा फोन उचलेना. भाच्याने आधी पासवर्ड बदलला, सर्च कन्सोलमधून त्या मुलाचं नाव काढलं, पांढरे शब्द पुसले आणि गूगलला फेरविचाराची विनंती पाठवली. तिलाही पैसे लागत नाहीत. काही आठवड्यांनी कारवाई उठली. पैसे परत आले नाहीत.

माझ्या जुन्या ओळींची प्रत मी ठेवली नव्हती. वेबसाइटच्या जुन्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हमधल्या जुन्या पानांवरून 53 ओळी मिळाल्या. उरलेले 11 फोटो छापून घेतले आहेत. रविवारी ते घेऊन जागनाथ बुधवारीत जाते. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना बडग्या कोणी बांधला ते आठवतं. आतापर्यंत चार ओळी परत लिहून झाल्या.